लाल डाग मिलचा की मातीचा?

जुन्या मिलच्या आवारातले दहा-बारा नमुने, क्यूजीआयएसमध्ये आयडीडब्ल्यू इंटरपोलेशन, मधोमध लाल डाग. प्रदूषित जागांवरच्या शोधनिबंधांत असा नकाशा तुम्हाला हमखास भेटेल. दिसतो छान, पण वऱ्हाडात तो जपून वाचा.

अकोल्याची सावतराम मिल घ्या. 1974 मध्ये राष्ट्रीयीकरण, पुढे बंद. अशा कापडगिरणीत रंग-रसायनं, बॉयलरची राख, यंत्रांचं तेल कुठे मुरलंय हे शोधायलाच हवं. पण अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतून पूर्णेचा खारपाण पट्टा जातो. तिथलं भूजल मुळातच खारं. कारखाना नसतानाही टीडीएस वाढलेलाच. बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या मातीतही क्रोमियम, निकेल नैसर्गिकरीत्याच जास्त असतं.

म्हणून तीन प्रश्न विचारा. मिलपासून दूरचे, पण त्याच प्रकारच्या मातीचे नमुने तुलनेला आहेत का? नमुने रंगाई खातं आणि बॉयलरजवळचे आहेत, की जिथे सहज खणता आलं तिथले? दोन नमुन्यांमधला रंग कितपत खात्रीचा, हे सांगितलंय का? आयडीडब्ल्यू ते सांगत नाही. क्रिगिंग सांगतं, पण दहा-बारा बिंदूंवर त्याचा व्हेरिओग्रामच डळमळीत.

हा कीस उगाच नाही. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे केंद्रीय नियम 2025 मध्ये आलेत. चुकीच्या लाल डागापायी सफाईचा पैसा भलत्याच जागी जाईल. चुकीच्या हिरव्यावर मात्र लोक घरं बांधतील.