शाजी एन. करुण : अदृश्याचे छायालेखन

छायालेखकाची कला दृश्याशी बांधलेली असते. भिंगासमोर जे नाही ते फितीवर उतरत नाही. ही मर्यादा ध्यानात घेतली म्हणजे शाजी एन. करुण (१९५२–२०२५) यांच्या कारकीर्दीतील एक विरोधाभास नजरेत भरतो. भारतातील अव्वल छायालेखकांत गणना झालेल्या या केरळीय कलावंताने दिग्दर्शक या नात्याने जे विषय हाताळले, त्यांच्या केंद्रस्थानी वारंवार गैरहजर माणूसच आढळतो.

या प्रवृत्तीचे मूळ त्यांच्या उमेदवारीच्या काळात सापडते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायालेखनाचे शिक्षण घेतल्यानंतर केरळात त्यांना दिग्दर्शक अरविंदन यांचे साहचर्य लाभले. अरविंदनांच्या ‘कांचनसीता’ (१९७७) या चित्रपटात सीता व्यक्तिरूपाने पडद्यावर येतच नाही; निसर्ग हेच तिचे रूप. नायिका न दाखविता तिचे अस्तित्व जाणवून देण्याचा भार अर्थातच छायालेखकावर पडला. पुढे ‘तंपु’ (१९७८) या कृष्णधवल चित्रपटात सर्कशीच्या खेळांइतकेच ते पाहणाऱ्या ग्रामस्थांच्या चेहऱ्यांना महत्त्व मिळाले. त्यातील छायालेखनास राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

‘पिरवी’ (१९८८) या पहिल्या कथापटात शाजींनी हा धडा सामाजिक अन्यायाच्या विषयाला लावला. आणीबाणीत, १९७६ साली, कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील राजन या विद्यार्थ्याला पोलिसांनी नेले आणि तो परतला नाही. त्या प्रकरणाची छाया या कथेवर आहे. वृद्ध राघव चाक्यार रोज नावेतून नदी ओलांडून बसथांब्यावर मुलाची वाट पाहतो. कोठडीतील छळ चित्रपटात दाखविलेला नाही. पाऊस, रिकामा रस्ता आणि प्रेमजी या नटाचा थकलेला चेहरा एवढ्यावरच सारे उभे आहे. म्हणूनच त्यातील पाऊस हा अलंकार न राहता पुरावा ठरतो. १९८९ साली कान महोत्सवात या चित्रपटाची विशेष नोंद घेण्यात आली.

‘वानप्रस्थम्’ (१९९९) मध्ये हीच वेदना वेगळे वळण घेते. कथकली नट कुंजिकुट्टनने रंगविलेल्या अर्जुनावर सुभद्रा प्रेम करते, परंतु त्या नटाला ती माणूस म्हणून स्वीकारीत नाही. स्वतःचे अपत्यही त्याला दुरावते. येथे माणूस डोळ्यांसमोर असूनही पाहणाऱ्याच्या लेखी तो नाहीच.

विशेष म्हणजे या चित्रपटांचा कॅमेरा शाजींनी इतरांच्या हाती दिला : ‘पिरवी’चा सनी जोसेफ यांच्या, ‘वानप्रस्थम्’चा रेनातो बेर्ता व संतोष सिवन यांच्या, तर ‘कुट्टी स्रांक’चा (२००९) अंजुली शुक्ला यांच्या. छायालेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविणाऱ्या शुक्ला या पहिल्या स्त्री होत. तथापि याच चित्रपटात एक उणीवही जाणवते. किनाऱ्यावर सापडलेल्या एका मृतदेहावरून तीन स्त्रिया एकाच नावाड्याची तीन रूपे सांगतात. कल्पना शाजींच्या प्रकृतीला साजेशी आहे. परंतु दृश्यांची श्रीमंती इतकी वाढते, की नसलेल्या माणसाची उणीव भासण्यास अवकाशच उरत नाही.

तीस वर्षांत अवघे सात कथापट, हे धंदेवाईक चित्रसृष्टीच्या हिशेबात अल्पच. मात्र जेथे त्यांनी दृश्यसौंदर्याला आवर घातला, तेथेच ते अधिक काही दाखवू शकले. ‘पिरवी’चे श्रेष्ठत्व या संयमात आहे.