'स्मृतिचित्रां'तील सेवा

धर्मप्रसाराच्या पुस्तकांत सेवा घेणाऱ्याला बहुधा चेहराच नसतो. तो अनाथ असतो, रोगी असतो आणि शेवटी कृतज्ञ असतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त (पहिला भाग १९३४) तसे होत नाही. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधल्या काळात सोवळे सुटताना मनाची जी ओढाताण झाली, ती त्या लपवीत नाहीत. जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे पटल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचे पाणी चालवून घेतले. पुढे घर पोरक्या मुलांनी भरले त्याचे मूळ मला तरी या पाण्यात दिसते. टिळकचरित्र म्हणून हे पुस्तक वाचणाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट निसटते. स्वतःच्या दयेचे बाईंना कौतुक नाही. उलट त्या स्वतःलाच हसतात. टिळक हाताला लागेल ते देऊन मोकळे होत आणि चुलीपाशी मेळ बाईंनी घालायचा! (येथे निदान गृहिणींना तरी टिळकांचा राग आल्यावाचून राहणार नाही.) बाईही चिडतात, भांडतात, आणि मग आलेल्याचे पान वाढतात.