सायकलमार्गाची पात्रता : जळगाव व धुळे शहरांच्या संदर्भात एक चिकित्सा

महाराष्ट्रात सायकलमार्गाचा विषय निघाला की चर्चा पुण्यापाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले गेलेले पुणे, २००६ मधील कात्रज–हडपसर जलद बसमार्गालगतचे सायकलपट्टे, डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने मंजूर केलेला सर्वंकष सायकल आराखडा, त्याच सुमारास अवतरलेल्या आणि थोड्याच काळात दिसेनाशा झालेल्या भाड्याच्या सायकली, हा सारा इतिहास अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. खानदेशातील जळगाव आणि धुळे ही शहरे या चर्चेत उदाहरणापुरतीही येत नाहीत. दोन्ही ठिकाणी २००३ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार, तर धुळ्याची सुमारे ३ लाख ७५ हजार होती. बहुतांश सपाट भूमी आणि आटोपशीर अंतरे यांमुळे ही शहरे सायकलीसाठी पुण्यापेक्षा अधिक अनुकूल आहेत, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

केंद्र शासनाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांची ने-आण केंद्रस्थानी मानली. हे तत्त्व निर्विवाद आहे. मात्र तत्त्वाची अंमलबजावणी योजनांतून होते आणि योजनेच्या दाराशी पात्रतेची अट उभी असते. २०२० मध्ये, साथीच्या काळात, केंद्रीय गृहनिर्माण व शहरी कार्य मंत्रालयाने शहरांसाठी सायकलविषयक स्पर्धात्मक उपक्रम जाहीर केला. त्यात स्मार्ट सिटी अभियानातील शहरे, राज्यांच्या राजधान्या आणि पाच लाखांवरील लोकसंख्येची शहरे यांनाच प्रवेश होता. जळगाव आणि धुळे या तिन्हींपैकी एकाही वर्गात बसत नव्हती. पुढे गौरविल्या गेलेल्या अकरा शहरांत सुरत आणि नागपूर यांचा समावेश होता. ज्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर सुरत आणि नागपूर आहेत, त्याच महामार्गावर, त्यांच्या दरम्यान, धुळे आणि जळगाव आहेत. एकाच रस्त्यावरची मोठी शहरे सायकलीच्या विचारास पात्र ठरावीत आणि मधल्या शहरांतून तोच महामार्ग केवळ अवजड वाहनांसाठी जावा, ही विसंगती कोणाच्या दुष्ट हेतूतून आलेली नाही. ती पात्रतेच्या व्याख्येतून आलेली आहे. म्हणूनच ती अधिक चिंताजनक आहे.

दुसरी अट तांत्रिक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९६२ च्या मानकानुसार, ताशी शंभर ते दोनशे मोटारवाहने असलेल्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी ताशी चारशे सायकली असतील तर स्वतंत्र मार्ग समर्थनीय ठरे; मोटारवाहने दोनशेहून अधिक असतील तर ताशी शंभर सायकलीही पुरेशा मानल्या जात. त्या काळाच्या मानाने ही उदार भूमिका होती. तथापि तिच्यामागे एक गृहीतक आहे : जितके सायकलस्वार दिसतात तितकीच सायकलमार्गाची गरज. रस्ता जीवघेणा झाला की सायकलस्वार तो रस्ता सोडतो, मोजणीत त्याची संख्या घटते आणि घटलेली संख्या मार्ग नाकारण्याचे कारण ठरते. नदीवर पूल बांधावा की नाही हे पोहून जाणाऱ्यांची गणती करून कोणी ठरवीत नाही. २०१५ मध्ये या मानकाची सुधारित आवृत्ती आली. परंतु नगरपालिकांच्या व्यवहारात आधी मागणी दाखवा ही मनोवृत्ती अद्याप टिकून आहे.

जळगावात या प्रश्नाचे राजकारण निराळ्या नावाने घडले. शहराच्या मधून जाणाऱ्या महामार्गाने एकीकडे जुने गाव व बाजारपेठ आणि दुसरीकडे नव्या वसाहती अशी विभागणी केली. औद्योगिक वसाहतीतील चटई व डाळ उद्योगांकडे जाणाऱ्या कामगारांना आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ट्रकांच्या रांगेतूनच वाट काढावी लागे. पाळधी–तरसोद वळणरस्ता वर्षानुवर्षे रेंगाळला. २०१८ च्या सुमारास नागरिकांनी समांतर रस्त्यांसाठी जे आंदोलन उभारले, ते वस्तुतः मंद गतीच्या वाहतुकीला जागा मिळावी यासाठीचेच होते. या आंदोलनाचे महत्त्व मोठे आहे. सायकलमार्ग हा शब्द न उच्चारताही तो प्रश्न येथे रस्त्यावर आला. मर्यादा एवढीच की समांतर रस्ता हा रस्त्याचा प्रकार आहे, वापरणाऱ्याचा हक्क नव्हे. त्यावर सायकलीची जागा आखून राखली नाही, तर तो वाहनतळ, दुकानांचे फलक आणि उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी यांच्या स्वाधीन होण्यास वेळ लागत नाही. शिवाय उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकत असता सावलीशिवाय आखलेला मार्ग कागदावरच राहणार.

धुळ्याची स्थिती वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकात कॅप्टन ब्रिग्ज यांच्या काळापासून या शहराला आखीव रूप मिळाले आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्या आजही जुन्या धुळ्याची ओळख आहेत. जळगावकरांना ज्यासाठी आंदोलन करावे लागले ते समांतर रस्ते धुळ्याला वारशात मिळाले. तरीही सारा भार आग्रा रोडवर पडतो. काही गल्ल्या मोटारींना बंद करून देवपूरच्या महाविद्यालयांशी पांझरेच्या पुलांमार्गे जोडण्यास फार मोठा खर्च लागू नये. अडचण व्यापाऱ्यांच्या संमतीची आहे, आणि ती किरकोळ नाही.

सायकलीला दिलेली जागा मोटारीकडून काढून घेतलेली जागा असते, हे दिल्लीच्या अनुभवाने स्पष्ट केले. तेथील जलद बसमार्गाला २०१२ मध्ये न्यायालयात आव्हान दिले गेले. याचिका फेटाळली गेली, तरी पुढे २०१६ मध्ये तो मार्ग मोडण्यात आला. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे २ कोटी ६० लाख बिगरशेती कामगार सायकलीने कामावर जात होते. त्यांच्या बाजूने असे राजकीय बळ मात्र उभे राहिले नाही. पहाटे फिरायला निघणारा हौशी सायकलपटू सत्काराचा धनी होतो, पण दूधवाल्याची किंवा कारखान्याच्या पाळीवर निघालेल्या मजुराची सायकल वाहतुकीतला अडथळा ठरते.

शासन सायकल देत नाही असेही नाही. मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील १२५ तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये करण्यात आले. त्या पाच किलोमीटरच्या रस्त्यासाठी मात्र या योजनेत तरतूद नाही.