एकोणसाठ लाख टन कशाचे?

२०२३ साली एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्हांला परीक्षक म्हणून बोलावले होते. नववीच्या मुलांनी भिंतीवर एक मोठा तक्ता लावला होता. त्यात रंगीत कागदाचे दोन उभे स्तंभ होते, ‘चिली : ९३ लाख टन’ आणि ‘भारत : ५९ लाख टन’. खाली विजेवर चालणारी मोटार काढली होती. मुलांनी आकडे वर्तमानपत्रांतून घेतले होते, स्तंभांची उंची प्रमाणात होती, मांडणी नेटकी होती. आम्ही त्यांना चांगले गुण दिले. तरीही ते दोन स्तंभ शेजारी शेजारी उभे करता येत नाहीत. ही चूक मुलांची नव्हती, म्हणून तिची चर्चा येथे करीत आहोत.

मूळ विधान काय होते ते आधी पाहू. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने जाहीर केले की, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला जम्मू-काश्मीरमधील रियासी जिल्ह्यात सलाल-हैमना भागात लिथियमचे ५९ लाख टन ‘अनुमानित संसाधन’ आढळले असून ते ‘जी ३’ पातळीचे आहे. पुढे संसदेत दिलेल्या उत्तरांत ‘लिथियम धातुक’ असा स्पष्ट शब्द आला. म्हणजे विधानात आकडा एकच होता, पण त्याला चार शब्द चिकटलेले होते : अनुमानित, संसाधन, जी ३ आणि धातुक. आकडा देशभर पोहोचला, शब्द वाटेतच गळून पडले.

धातुक हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. धातुक म्हणजे धातू असलेला खडक किंवा माती, शुद्ध धातू नव्हे. अशा खडकात लिथियमचे प्रमाण दशलक्ष भागांत काही शे भाग एवढेच असते. उदाहरणासाठी दशलक्षात ५०० भाग, म्हणजे टनाला अर्धा किलो, धरू. ५९ लाख टन खडकातील लिथियम झाले सुमारे ३ हजार टन. हे प्रमाण दुप्पट मानले तरी ६ हजार टन. चिलीचा आकडा अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या २०२३ च्या सारांशातला आहे. तो आहे प्रत्यक्ष लिथियमचा, आणि तोही आजच्या किमतीत काढणे परवडेल अशा साठ्याचा. एका स्तंभात उसाचे वजन आणि दुसऱ्यात साखरेचे, असा तो तक्ता होता.

आता ‘जी ३’. खनिजाच्या शोधाचे चार टप्पे मानतात. जी ४ म्हणजे नुसती टेहळणी : नकाशा, नाल्यांतील गाळाचे नमुने, पृष्ठभागावरचे खडक. जी ३ म्हणजे प्राथमिक पूर्वेक्षण. त्यात मोजकी विवरे किंवा खंदक घेतात, मधल्या जागेत काय आहे ते अनुमानाने भरून काढतात. जी २ मध्ये विवरे जवळ येतात आणि जी १ मध्ये इतकी जवळ येतात की खाणीचा आराखडा आखता येतो. म्हणजे ही अक्षरे जमिनीत किती खनिज आहे ते सांगत नाहीत. आपल्याला ते किती माहीत आहे, हे सांगतात. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भांड्यातला भात एकसारखा शिजलेला असतो. डोंगर तसा शिजलेला नसतो. रियासीचे लिथियम बॉक्साइटच्या थरांतील चिकणमातीसारख्या खनिजांत आहे. असे थर पुरातन चुनखडीच्या खडबडीत, झिजलेल्या पृष्ठभागावर साचलेले असतात, त्यामुळे त्यांची जाडी थोड्या अंतरातही बदलू शकते. शिवाय आजवर जगातले लिथियम मुख्यतः खारट पाण्यातून आणि स्पॉड्युमीन या खनिजातून निघत आले आहे. चिकणमातीतून ते मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत अजून रुळलेली नाही.

याचा निकाल बाजाराने दिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा पट्टा लिलावात निघाला. मार्च २०२४ मध्ये तो लिलाव रद्द झाला, कारण पात्र बोलीदार तीनही मिळाले नाहीत. लगेच पुन्हा लिलाव पुकारला, तोही त्याच वर्षी रद्द झाला. पैसे गुंतवणाऱ्याने ‘जी ३’ ही अक्षरे वाचली होती. आपण, म्हणजे वर्तमानपत्रे, शाळा आणि (मान्य करायला हवे) आमच्यासारखे व्याख्याने देत हिंडणारे शास्त्रज्ञ, यांनी ती वाचली नव्हती.

सर्वेक्षणाच्या क्षेत्रीय कामाला आम्ही नावे ठेवीत नाही. २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन हंगामांत केलेले ते काम प्राथमिक टप्प्याचे होते आणि त्यावर तसा शिक्काही होता. आमचा आक्षेप निराळा आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणाने देशाला काय द्यायचे असते, याबद्दलची आपली कल्पनाच चुकली आहे. आपण त्याच्याकडे टनांचा आकडा मागतो. २०२१ मध्ये तर नियम बदलून शोध आणि खाण यांच्या एकत्रित परवान्याचा लिलाव जी ४ पातळीवरही करता येईल, अशी सोय झाली. पूर्वी त्यासाठी निदान जी ३ लागत असे. शोधाचा धोका खाजगी कंपनीने उचलावा, हा त्यामागचा हेतू समजू शकतो. पण मग सर्वेक्षणाने द्यायची मुख्य वस्तू आकडा ही राहत नाही. चांगला, सर्वांना खुला नकाशा ही राहते.

याचे ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ऑलिंपिक डॅम ही तांबे, युरेनियम आणि सोन्याची प्रचंड खाण १९७५ मध्ये सापडली. जमिनीवर तिचा काहीही मागमूस नव्हता. धातुकावर ३०० मीटरांहून जाड असा निरुपयोगी खडकांचा थर होता. वेस्टर्न मायनिंग या कंपनीच्या भूवैज्ञानिकांनी विवराची जागा ठरवताना सरकारी संस्थेने मोजलेले गुरुत्व आणि चुंबकत्व यांचे नकाशे वापरले. दोन्ही नकाशांत एकाच जागी उंचवटा दिसत होता. पहिल्या विवरात तांबे मिळाले ते बेताचेच. खरा साठा उमगायला दहावे विवर यावे लागले. सरकारी नकाशावर एक टनही तांबे लिहिलेले नव्हते. त्यावर फक्त काळजीपूर्वक मोजलेले आकडे होते, आणि ते कोणालाही पाहता येत होते.

आपले सर्वेक्षण १८५१ मध्ये टॉमस ओल्डहॅम कलकत्त्यात आले तेव्हापासून मोजले जाते. कोळसा शोधणे हे त्याचे पहिले मोठे काम होते. शोधाची ही दृष्टी तेव्हापासून टिकून आहे. तिची दुसरी बाजू, म्हणजे खाण सुरू झाल्यावर काय बिघडेल ते आधीच नोंदवून ठेवणे, दुबळी राहिली. ती का, हे गोव्यात नीट दिसते.

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत लोहखनिज जांभ्याच्या कवचाखाली असते. त्यातला भुसभुशीत, पिठासारखा भाग सच्छिद्र असतो आणि त्यातच भूजल साठते. म्हणजे जे खनिज, तेच गावाचे पाणी. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की पाणी पंपाने उपसावे लागते आणि आसपासच्या विहिरी उतरतात. टनभर खनिजामागे दोन-तीन टन माती-मुरूम बाजूला टाकावा लागतो, तो पावसात शेतात आणि नदीत उतरतो. यातले बहुतेक पट्टे पोर्तुगीज काळातल्या सवलती होत्या; १९८७ च्या कायद्याने त्यांचे खाणपट्टे झाले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले, एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली, फेब्रुवारी २०१८ मध्ये नूतनीकरण केलेले पट्टे रद्द केले. मर्यादा किती असावी, हा प्रश्न न्यायालयाला ठरवावा लागला. वास्तविक तो भूविज्ञानाचा प्रश्न आहे : किती खोल गेले की कोणत्या विहिरी उतरतील?

आणि येथे एक जुनी घटना आठवते. भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूजलाची एक शाखा होती. १९७२ मध्ये ती केंद्रीय भूजल मंडळात विलीन झाली. कारभाराच्या दृष्टीने निर्णय सोयीचा असेल. परंतु तेव्हापासून खनिज एका कार्यालयाच्या फायलीत आणि पाणी दुसऱ्याच्या, अशी वाटणी झाली. खडकात मात्र ती नाही. लिलावाच्या कागदपत्रांना खनिजाचा अहवाल जोडलेला असतो. त्याच पट्ट्यातील विहिरींच्या दहा वर्षांच्या पातळ्या त्याच बाडात का असू नयेत, याचे उत्तर आम्हांला सापडलेले नाही.

वास्तविक अशी नोंद करण्याचे एक साधन सर्वेक्षणाच्या हाती आहे. त्याच्या राष्ट्रीय भूरासायनिक नकाशांसाठी साधारण दर चौरस किलोमीटरला गाळाचा एक नमुना घेतात आणि चार नमुने एकत्र करून त्यांतील मूलद्रव्ये मोजतात. हेतू धातूंचा माग काढण्याचा असतो. पण हाच तक्ता खाणीपूर्वी नाल्यात क्रोमियम, निकेल, आर्सेनिक निसर्गतः किती होते, हेही सांगतो. वीस वर्षांनी गावकरी म्हणतील, ‘खाणीने पाणी नासले’, आणि कंपनी म्हणेल, ‘येथे पूर्वीपासूनच असे होते’, तेव्हा दोघांना विचारता येईल असा साक्षीदार दुसरा कोणता?

सर्वेक्षणाचे नकाशे ‘भूकोश’ या संकेतस्थळावर पाहता येतात. शिक्षकांनी आपला तालुका काढून मुलांसमोर ठेवावा. महाराष्ट्रात बहुतेकांना बेसाल्टच दिसेल, हिरमुसू नये. नकाशात काय आहे याची एक यादी मुलांकडून करून घ्यावी, आणि गावातल्या विहिरींचे वैशाखातले पाणी मोजून दुसरी. त्या प्रदर्शनातल्या मुलांनी पुढच्या वर्षी तक्ता नव्याने केला. या वेळी चिलीचा स्तंभ तेवढाच उंच होता. भारताचा स्तंभ कागदाच्या जाडीएवढाही भरेना, तेव्हा त्यांनी त्या जागी पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली आणि शेजारी लिहिले, ‘जी ३’.