दाब अनंत, पण ऊर्जा किती?

गेल्या महिन्यात ग्रुप सेमिनारला माझी एक स्लाइड होती: ‘गोलाकार शॉक वेव्ह आकसत जाते तशी सगळी ऊर्जा केंद्रात गोळा होते.’ मागून एका ज्युनिअरने विचारलं, "सगळी म्हणजे किती?" मी गप्प! घरी येऊन गुडरलीचं गणित पुन्हा मांडलं.

गॉटफ्रीड गुडरली या जर्मन शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये हा प्रश्न आदर्श वायूसाठी सोडवला. जोरदार शॉक केंद्राजवळ येताना आपण कसे सुरू झालो हे जणू विसरतो. त्रिज्या ही उरलेल्या वेळेच्या एका ठरावीक घातात कमी होते. हवेसारख्या वायूसाठी तो घातांक सुमारे ०.७१७. हा आकडा नुसत्या मितींच्या हिशेबातून मिळत नाही, उत्तर एका अवघड बिंदूतून सुरळीत पार जावं या अटीतून शोधावा लागतो. काम देखणं आहे, त्याबद्दल वादच नाही.

तक्रार आहे ती आपण ते सांगतो कसं याबद्दल. त्रिज्या दहाव्या भागावर आली की शॉकमागचा दाब साधारण ६ पट होतो, आणि केंद्रात अनंत. बहुतेक मांडण्या इथे थांबतात, माझीही थांबली होती. पण त्रिज्येबरोबर आकसणाऱ्या शॉकमागच्या थराचं आकारमान हजाराव्या भागावर आलं, त्याचं काय? गुणाकार करून बघा: त्या थरातली ऊर्जा आधीच्या सुमारे १६० व्या भागाएवढीच उरते. दाब अनंताकडे, ऊर्जा शून्याकडे. वाढते ती ऊर्जेची घनता; बहुतेक ऊर्जा बाहेरच्या थरांत मागे राहते. आणि साध्या ध्वनिलहरीत तर त्याच प्रवासात दाब १० पट होतो! जोरदार शॉक जास्त एकवटत असणार, ही माझी समजूत उलटीच निघाली.

घन पदार्थात तर हे उत्तर जसंच्या तसं उचलणंच चूक. गुडरलीची मांडणी चालते कारण त्याच्या वायूला स्वतःचा असा कुठलाच दाब नाही, शॉकपुढचा दाब नगण्य धरलाय. लोखंडाला मात्र स्वतःचे आकडे आहेत. दाबाला त्याचा विरोधच १७० गिगापास्कलच्या आसपास. १३ गिगापास्कलला स्फटिकरचना बदलते आणि एका शॉकच्या दोन लहरी होऊ शकतात. वर एकसंध स्फटिकात लहरीचा वेग दिशेनुसार बदलतो, म्हणजे गोल निघालेली लहर गोल राहीलच असं नाही. काही ऊर्जा पदार्थ कायमचा वाकवण्यात आणि तापवण्यात जाते ती वेगळीच. दाब या आकड्यांच्या खूप वर गेला तर गुडरलीसारखं वागणं परत दिसू शकतं, पण घातांक हवेचा नसेल.

स्लाइड बदललीय. आता दाबाच्या आलेखाखाली थरातल्या ऊर्जेचा आलेखही आहे, आणि तो खाली उतरतो. ज्युनिअरला पाठवलाय, त्याचा पुढचा प्रश्न आलाय, परत फिरणाऱ्या लहरीचा. ते पुढच्या वेळी.