स्निग्धांश किती? दोन पुस्तकांची परीक्षा

वजन घटवायचे ठरले की पहिली कुऱ्हाड तेल-तुपावर पडते. ती पडावी का, या प्रश्नाला दोन अमेरिकी डॉक्टरांनी नेमकी उलट उत्तरे दिली आहेत. डीन ऑर्निश यांच्या 'ईट मोअर, वे लेस' (१९९३) या पुस्तकानुसार आहारातील एकूण उष्मांकांपैकी सुमारे १० टक्केच स्निग्ध पदार्थांतून यावेत. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांनी १९७२ पासूनच्या आपल्या पुस्तकांत साखर व पिष्टमय पदार्थांवर कडक बंधन घातले. लोणी, अंडी, मांस यांना मात्र मुभा दिली. दोन्ही पुस्तके अमाप खपली.

ऑर्निश यांचा युक्तिवाद साध्या गणिताचा आहे. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, प्रथिने व कर्बोदके यांपासून ४. म्हणून तेल वगळून भाज्या, डाळी, फळे खाल्ली तर ताट भरलेले राहते आणि उष्मांक घटतात. हे खरे आहे. परंतु लिनोलेइक व अल्फा-लिनोलेनिक ही मेदाम्ले आपले शरीर तयार करू शकत नाही. अ, ड, ई व के जीवनसत्त्वांच्या शोषणासाठीही स्निग्धांश लागतो. १५०० किलोकॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे जेमतेम १७ ग्रॅम. एवढ्यात ही गरज भागवायला फार काटेकोर निवड करावी लागते.

अ‍ॅटकिन्स यांचा भर इन्सुलिनवर आहे. त्यांच्या आहारात पहिल्याच आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो आणि वाचकाची खात्री पटते. पण त्यात बराच वाटा पाण्याचा असतो. यकृतात व स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. ग्लायकोजेन संपले की तेही जाते. पुढची घट होते ती मुख्यतः भूक मंदावून माणूस कमी खातो म्हणून. उष्मांकांचा हिशेब इथेही सुटत नाही, आणि लोण्यातील संपृक्त मेद रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवतो.

या पुस्तकांची परीक्षा प्रत्यक्ष झाली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ३११ स्थूल व जादा वजनाच्या स्त्रियांचे चार गट करून प्रत्येक गटाला एकेका आहाराचे पुस्तक दिले. आठ आठवडे वर्गही घेतले. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. वर्षअखेरीस अ‍ॅटकिन्स गटाचे वजन सरासरी ४.७ किलो घटले, ऑर्निश गटाचे २.२ किलो, मात्र या दोन गटांतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. आम्हाला अधिक बोलका वाटतो तो दुसरा आकडा. ऑर्निश गटातील स्त्रियांच्या आहारात वर्षाअखेरी स्निग्धांश १० नव्हे, तर जवळपास ३० टक्के होता! म्हणजे १० टक्क्यांच्या आहाराची नव्हे, तो पाळता येतो या गृहीतकाची परीक्षा झाली, आणि ते नापास झाले.

त्याच विद्यापीठाने २०१८ साली ६०९ जणांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्ही गटांना साखर व मैदा टाळून भाज्या भरपूर खायला सांगितले. वर्षभरात कमी स्निग्धांशाच्या गटाचे वजन ५.३ किलो, तर कमी कर्बोदकांच्या गटाचे ६ किलो घटले. फरक नगण्य.

तेव्हा दोन्ही पुस्तकांचा दोष एकच: टक्क्याला ती औषध समजतात. आमच्या मते प्रौढांनी २० ते ३० टक्क्यांत राहावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली प्रौढांसाठी ३० टक्के ही वरची मर्यादा सांगितली आहे. १५०० किलोकॅलरींना हे ३३ ते ५० ग्रॅम होतात. त्यात फोडणीचे तेलच नव्हे, दूध, खोबरे आणि शेंगदाण्याचे कूटही मोजायचे. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असते.

हा हिशेब नववी-दहावीच्या वर्गात जरूर करून घ्यावा. मात्र वाढत्या वयातील मुलामुलींनी ही पुस्तके वाचून स्वतःच्या ताटातले तेल बंद करू नये, हेही त्याच तासाला सांगावे.