जाळीतून गायब झालेला घोडा

८आर०२एस१२५५५९. जुन्या अमेरिकी गाड्यांच्या वेडाने झपाटलेल्या माणसाला ही एवढी ओळ पुरते. पहिला ८ म्हणजे १९६८चं मॉडेल. आर म्हणजे कॅलिफोर्नियातला सॅन होजेचा कारखाना. ०२ म्हणजे छत मागे सरळ घसरत जाणारी फास्टबॅक, आणि एस म्हणजे ३९० घनइंचांचं, ३२५ अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन. उरलेले सहा आकडे या एकाच गाडीचे. फोर्डने त्या वर्षी तीन लाखांहून जास्त मस्टँग बनवल्या. त्यातली ही हिरवी मस्टँग ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवली. जानेवारी २०२०मध्ये फ्लोरिडात तिचा लिलाव झाला, तेव्हा बोली ३४ लाख डॉलरवर थांबली. कमिशन धरून ती ३७.४ लाखांना पडली. एवढे पैसे मोजूनही घेणाऱ्याला उडालेला रंग आणि गंजाचे डागच मिळाले, आणि त्याला हवेही तेच होते.

मसल कार, म्हणजे अशी दणकट इंजिनाची जुनी अमेरिकी गाडी, मूळ रूपात ठेवावी की सुधारावी, हा अमेरिकेतल्या शौकिनांचा जुना वाद. एका बाजूला ‘मॅचिंग नंबर्स’वाले. इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा या सगळ्यांवरचे आकडे एकाच जन्माचे हवेत. त्यांतले कट्टर लोक तर कारखान्यातल्या तपासनिसाने चॅसीवर ओढलेल्या खडूच्या खुणाही पुन्हा जशाच्या तशा ओढतात. दुसऱ्या बाजूला ‘रेस्टोमॉड’वाले. बाहेरून जुनी अंगकाठी ठेवायची आणि आत नवं इंजिन, डिस्क ब्रेक, एअर कंडिशनर बसवायचा. पहिल्या पक्षाची सर्वांत लाडकी गाडी म्हणजे ही मस्टँग. गंमत अशी, की ती मूळ रूपात मुळीच नाही.

तिच्या नाकासमोर उभं राहून बघा. १९६८च्या मस्टँगच्या जाळीत मधोमध एक धावता घोडा असतो, क्रोमच्या चौकटीत. जीटी असेल तर त्याच्या दोन बाजूंना फॉगलाइट. इथे घोडा नाही, चौकट नाही, दिवे नाहीत. आहे ते नुसतं काळं तोंड. फेंडरवरचं जीटीचं बिरुद काढलेलं आहे. चाकं फोर्डची नाहीत, अमेरिकन रेसिंगची टॉर्क-थ्रस्ट आहेत, करड्या आऱ्यांची. बॉनेटखाली मॅक्स बाल्चोव्स्की या रेसिंगवाल्या मेकॅनिकचा हात फिरलेला आहे. सस्पेन्शन कडक केलेलं, शॉक टॉवरना जादा आधार जोडलेले. कॅमेरे बांधण्यासाठी खालच्या पट्टीशी ब्रॅकेट वेल्ड केलेले आहेत, ते अजून तिथेच आहेत. मूळपणाच्या स्पर्धेत उतरवली तर पहिल्याच फेरीत बाद.

आता हे बदल वाचायचे कसे? मला वाटतं, पडद्यावर. ‘बुलिट’मधला सॅन फ्रान्सिस्कोतला पाठलाग सुमारे अकरा मिनिटांचा. दिग्दर्शक पीटर येट्स, संकलक फ्रँक केलर. केलरला याच चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. सुरुवातीला लालो शिफ्रिनचं संगीत हळूहळू ताणत जातं. काळ्या डॉज चार्जरमधले मारेकरी बुलिटच्या, म्हणजे मॅक्वीनने रंगवलेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या, मागावर असतात. मग चढावर ते मागे आरशात बघतात, तर मस्टँग त्यांच्याच मागे. चार्जरचा ड्रायव्हर शांतपणे सीटबेल्ट ओढून लावतो. पुढच्या क्षणी टायर किंचाळतात आणि संगीत बंद. तिथून शेवटपर्यंत एक सूर नाही. इंजिन, गिअर, रबर, पत्रा, एवढंच. पार्श्वसंगीताने प्रेक्षकाला घाबरवायची सवय लागलेल्या आपल्या कानांना पहिल्यांदा हे चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

उतारावरच्या उड्या पाहा. सॅन फ्रान्सिस्कोचे रस्ते प्रत्येक चौकात क्षणभर सपाट होतात आणि पुन्हा कोसळतात. त्या पायऱ्यांवरून गाडी हवेत जाते आणि नाकावर येते, कारण ते अवजड व्ही-८ पुढे आहे. कारखान्यातून आलेली साधी मस्टँग अशा किती आपटण्या झेलू शकली असती? बाल्चोव्स्कीचे आधार आपल्याला दिसत नाहीत, पण प्रत्येक आपटणीनंतर गाडी सरळ पुढे पळते, यात ते दिसतात. काढलेला घोडाही तसाच. ऐटीचं चिन्ह गेलं, आणि उरली ती एका अबोल पोलीस अधिकाऱ्याची गाडी. मॅक्वीनचा अभिनय जसा कमी बोलून होतो तशी.

आणि चुका. एका वळणावर मॅक्वीन वेगात पुढे निघून जातो, ब्रेक मारतो, टायरमधून धूर उसळतो आणि तो गाडी मागे घेतो. खरोखर चुकलेलं वळण केलरने तसंच ठेवलं. एकच हिरवी बीटल गाडी पुन:पुन्हा मागे पडते. चार्जरची चारपेक्षा जास्त चाकटोपणं निखळून पडतात, तरी कुणाचं काही बिघडत नाही.

चित्रीकरण संपल्यावर गाडी हात बदलत १९७४मध्ये न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाकडे आली, सहा हजार डॉलरला. घरातल्या बाई शिक्षिका होत्या. त्या ती घेऊन शाळेत जायच्या! डिसेंबर १९७७मध्ये मॅक्वीनने मालकाला पत्र लिहून गाडी परत मागितली. त्या पत्रात या सगळ्या वादाचा गाभा एका वाक्यात आहे. गाडी मूळ अवस्थेत ठेवायची आहे, रिस्टोअर करायची नाही, असं तो म्हणतो. पण त्याच्या लेखी मूळ अवस्था म्हणजे चित्रपटात वापरली ती. सॅन होजेचा कारखाना त्याच्या गणतीतच नाही. मालकाने गाडी दिली नाही. १९८०च्या सुमारास क्लच गेला आणि ती गॅरेजमध्ये जाऊन बसली. जगासमोर आली ती थेट जानेवारी २०१८मध्ये, डेट्रॉइटच्या प्रदर्शनात. चालती केलेली, पण अंगावरचं काही न पुसलेली.

मला मॅक्वीनची व्याख्या पटते. लेखकाने स्वतः खोडलेला शब्द हा हस्तलिखिताचा भाग असतो, पुढे कुणी पेन्सिलीने सुधारलेला नसतो. गाडीने जे काम केलं त्या कामासाठी झालेला बदल तिचा स्वतःचा. दुसऱ्या कुणासारखं दिसण्यासाठी केलेला बदल उसना. म्हणून फोर्डने २००१, २००८ आणि २०१९मध्ये काढलेल्या ‘बुलिट’ आवृत्त्या मला कौतुकाच्या वाटल्या तरी हलवत नाहीत. हिरवा रंग त्यांना कारखान्यातच मिळाला, पण त्यामागे उतार नाही. लाखोंतल्या एखाद्या सामान्य मस्टँगला कुणी डिस्क ब्रेक बसवले तर मात्र माझी काही तक्रार नाही. ड्रम ब्रेकवर जीव सोपवून मूळपणा सांभाळायला कुणी सांगितलंय?

या कसोटीची खरी परीक्षा दुसऱ्या गाडीने घेतली. चित्रीकरणाला मस्टँग दोन होत्या. दुसरीचा आकडा एकाने कमी, १२५५५८. उड्या तिच्या वाट्याला आल्या आणि ती भंगारात निघाली, असंच सगळे धरून चालले होते. २०१७मध्ये ती मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात सापडली. रंग पांढरा, इंजिन गायब. ज्यांच्या हाती ती आली त्यांचा बेत तिला कापूनकुपून ‘एलेनॉर’ करण्याचा होता, म्हणजे २००० सालच्या ‘गॉन इन सिक्स्टी सेकंड्स’मधल्या करड्या, काळ्या पट्ट्यांच्या मस्टँगची नक्कल. त्या चित्रपटानंतर अनेक जुन्या फास्टबॅक या हौसेपायी कापल्या गेल्या. एका चित्रपटाची खरी गाडी दुसऱ्या चित्रपटाची खोटी गाडी होता होता राहिली, ती केवळ कुणीतरी आकडा तपासून बघितला म्हणून.

आकडा कळताच बेत फिरला आणि तिला पुन्हा हिरवी करण्याचं ठरलं. बहुतेकांना ते साहजिक वाटलं. मला नाही. तो पांढरा रंग कुणी आणि का दिला ते ठाऊक नसलं तरी तो कुठल्या तरी मेक्सिकन मालकाने आपली गाडी म्हणून दिला असणार, कुणाची नक्कल म्हणून नव्हे. शॉक टॉवरचे आधार जपायचे आणि तो रंग मात्र खरवडायचा, हे कुठल्या न्यायाने? मी असतो तर इंजिन शोधलं असतं, चाकं बसवली असती, आणि ती पांढरीच चालवली असती.